पारगांवास कॅमेरा घेऊन

पुण्याहून नाशिककडे जाणारा प्रवासी चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगांव अशीं ठाणीं मोजीत जातो. पारगांव त्याच्या मोजणींत येत नाहीं. मंचरास मोठा रस्ता सोडून पूर्वेकडे वळल्यावांचून तें दिसायचेंच नाहीं. शिवनेरी पाहावयास जुन्नरास जावें, लेण्याद्रीच्या व ओझरच्या गणपतीला जावें, श्रावणांत भीमाशंकर गांठावें, ही आपल्या मंडळींची रीत. पारगांवास कांहीं 'पाहण्यासाठीं' कोणी जात नाहीं. आम्हीही गेलों तें आत्याबाईंना भेटण्यासाठीं. आणि बरोबर एक जुना कॅमेरा नेला, तो एक जुना वाद मिटविण्यासाठीं.

हा वाद आमच्या घरांत वीस वर्षांहून अधिक काळ चालला आहे. २००३ सालच्या दिवाळींत पारगांवच्या घराच्या ओटीवर सगळ्या कुटुंबाचा एक फोटो काढण्यांत आला. पुढें सतरंजीवर मधोमध आत्याबाई व त्यांचे यजमान, दोन्ही बाजूंस वडील मंडळी, आणि मागें भिंतीला टेकून उभीं मुलें. आत्याबाईंचे यजमान शाळामास्तर होते; सारा गांव त्यांना 'गुरुजी' म्हणे, म्हणून आम्हीही गुरुजीच म्हणत असूं. रोल धुऊन आला तेव्हां पाहतों तों काय, मागचीं मुलें दांत मोजून घ्यावेत इतकीं स्पष्ट, आणि पुढें बसलेले गुरुजी मात्र धुक्यांत! पुढच्या उन्हाळ्यांत गुरुजी वारले. त्यांचा शेवटचा फोटो तोच.

थोरल्या बंधूंचा पक्ष असा कीं, कॅमेरा वाईट. घरांतला कर्ता पुरुष कोण आणि पोरेंटोरें कोण, एवढेंही ज्याला कळत नाहीं त्याच्या हुशारीचें कौतुक कशाला? धाकट्या बंधूंजवळ तसाच कॅमेरा आहे. त्यांचा पक्ष असा कीं, कॅमेरा उत्तम, काढणारा वाईट. काढणारे आम्हीच होतों, हें येथें कबूल केलें पाहिजे.

ज्या वाचकांना ह्या यंत्राची ओळख नाहीं त्यांच्याकरितां चार शब्द सांगतों. आमच्या लहानपणीं मध्यम स्थितींतल्या घरांत जो कॅमेरा दिसे तो बहुधा आग्फा क्लिक-थ्री. एका रोलांत बारा चौकोनी छबी; अंतर जुळविण्याची यातायात नाहीं; माणसें उन्हांत उभीं करावीं आणि खटका दाबावा. त्याहून भारी यंत्रांत भिंगाचें कडें हातानें फिरवून चेहरा स्पष्ट करून घ्यावा लागे. हें काम यंत्रानेंच करावें, ही सोय १९७७ सालीं कोनिका ह्या जपानी कंपनीनें लहान कॅमेऱ्यांत बाजारांत आणली. १९८५ सालीं मिनोल्टा ७००० ह्या कॅमेऱ्यानें ती भिंगें बदलतां येणाऱ्या यंत्रांत रूढ केली, व १९८७ सालीं कॅननची ईओएस मालिका निघाली. २००० सालीं निकॉन एफ-८०, कॅनन ईओएस ३० व मिनोल्टा डायनॅक्स ७ हे तिघे आले, तेव्हां ही विद्या चांगलीच पिकली होती. धंदेवाइकाच्या यंत्राहून स्वस्त, नवशिक्याच्या यंत्राहून सरस, असे हे संसारी माणसाचे कॅमेरे होते. पण त्यांच्या नशिबीं फार दिवस नव्हते. २००६ च्या जानेवारींत निकॉननें एफ-६ व एफएम-१० एवढे दोन ठेवून फिल्मचे बाकीचे कॅमेरे बंद करण्याचें जाहीर केलें. इतरांनींही तोच मार्ग धरला.

आमचा कॅमेरा ह्याच मधल्या वर्गांतला. त्याचें नांव मात्र आम्ही देत नाहीं. घरच्या भांडणांत कोणा कारखानदाराला ओढूं नये.

मंचर सोडल्यावर घटकाभरांत मुलूख पालटतो. पश्चिमेचे डोंगर मागें राहतात आणि दोहों बाजूंनीं ऊस सुरू होतो. पूर्वीं ह्या पट्ट्यांत बाजरी व हुलगे पिकत, असें आत्याबाई सांगतात; घोड नदीवर डिंभ्याचें धरण झालें, कालव्यांना पाणी आलें आणि उसानें रान व्यापलें. धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूचें नांव आहे. १२ डिसेंबर १९३० रोजीं मुंबईस परदेशी कापडाच्या मोटारीपुढें ज्यानें देह ठेवला, तो बाबू गेनू ह्याच आंबेगांव तालुक्यांतल्या महाळुंगे पडवळचा. पश्चिमेकडून आलेली मीना नदी पारगांवापाशीं घोडेला मिळते. गांवच्या हद्दींत भीमाशंकर सहकारी साखर कारखाना आहे. हंगामांत गेलें तर उसाच्या मोळ्यांनीं लादलेल्या बैलगाड्यांच्या व ट्रॅक्टरांच्या रांगा, रस्त्याच्या कडेला ऊसतोडणीला आलेल्या कुटुंबांच्या कोपी, आणि हवेंत मळीचा आंबूस-गोड वास. हा वास पहिल्या दिवशीं नकोसा होतो, तिसऱ्या दिवशीं जाणवत नाहीं.

उसानें समृद्धि आणली, तसा बिबट्याही आणला. दाट उसांत त्याला लपावयास जागा, कुत्रीं व शेळ्या खावयास. पिल्लेंही तो तेथेंच वाढवितो. जुन्नर तालुक्यांत माणिकडोहास पकडलेल्या बिबट्यांसाठीं केंद्र आहे, एवढ्यावरून ही गोष्ट किती नित्याची झाली असेल हें ध्यानांत येईल. दिवेलागणीनंतर ओटीवरून उठून अंगणांत जावयाचें तर आत्याबाई हातांत काठी देतात आणि मोठ्यानें बोलत जा म्हणून बजावतात. आमच्या पुतण्यानें हें ऐकून त्या रात्रीं अंगणांत जाण्याचाच बेत रहित केला.

दुसऱ्या दिवशीं पौष पौर्णिमा होती. जवळच नागापूरच्या डोंगरावर थापलिंगाचा खंडोबा आहे. त्याची यात्रा ह्याच दिवशीं भरते, आणि यात्रेंत बैलगाड्यांच्या शर्यती होतात. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें शर्यतींना बंदी केली. १६ डिसेंबर २०२१ रोजीं अटी घालून परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें राज्याचा कायदा मान्य केला. मधलीं सातआठ वर्षें ह्या भागांतले घाट ओस होते. बैल धांवविण्यांत त्याचे हाल होतात कीं काय, हा प्रश्न आम्हांलाही पडतो, आणि शेजारीं उभ्या असलेल्या शेतकऱ्यानें आपल्या बैलावरून फिरविलेला हात पाहूनही तो पुरता सुटत नाहीं. असो.

कॅमेऱ्याची परीक्षा घ्यावयास मात्र ह्याहून कठीण जागा सांपडणार नाहीं. बारी सुटली कीं पुढें घोडी, मागें बैल, दोहों अंगांला आरोळ्या, आणि हवेंत उधळलेला भंडारा. यंत्राच्या पोटांत काय चालतें तें थोडें सांगितलें पाहिजे. भिंगाच्या एका कडेनें आलेला प्रकाश व दुसऱ्या कडेनें आलेला प्रकाश अशा दोन छबी तें वेगळ्या पाडतें, आणि त्या एकमेकींपासून किती सरकल्या आहेत हें मोजतें. आपण दोन डोळ्यांनीं अंतर ओळखतों, त्यासारखाच हा प्रकार. त्या मापावरून भिंग किती व कोणीकडे फिरवावयाचें तें ठरतें. पण मोजावयास कांहीं रेघ, कांहीं कड, कांहीं काळेंपांढरें लागतें. शुभ्र धोतरावर किंवा नुकत्याच सारवलेल्या भिंतीवर रोखलें कीं तें भांबावतें आणि भिंग मागेंपुढें करीत कुरकुरत बसतें. बैलाच्या शिंगांवर तें झडप घालून बसे. मध्येंच भंडाऱ्याचा पिवळा लोट आला कीं त्याची दृष्टि सुटे. आम्हीं सोळा छबी घेतल्या. सतराव्या वेळीं खटका दाबला, तों यंत्र मुकाट! वरच्या कांचेंतले आंकडे मावळले होते. सेल संपले.

येथें ह्या वर्गाविषयीं सर्व मालकांची जी एक तक्रार आहे ती नोंदविली पाहिजे. क्लिक-थ्रीला सेल लागतच नसत. ह्या यंत्राला सेलावांचून श्वास नाहीं. फिल्म पुढें सरकत नाहीं, पडदा उघडत नाहीं. आणि सेल तरी घड्याळाचे वा विजेरीचे नव्हेत, आंखूड, जाड, तीन व्होल्टचे दोन. यात्रेंत शेवरेवड्या, फुगे, घुंगुरमाळा सगळें मिळतें. हे मिळत नाहींत. पुतण्यानें खिशांतून मोबाइल काढून शांतपणें चाळीस छबी घेतल्या. आम्हीं त्याच्याकडे पाहिलें नाहीं.

शेवटीं कोणीतरी सांगितलें कीं, कारखान्याच्या रस्त्याला एक फोटो स्टुडिओ आहे, तेथें विचारा. गेलों. स्टुडिओवाले पन्नाशीचे गृहस्थ. त्यांनीं कॅमेरा हातांत घेतला मात्र, आणि त्यांची मुद्रा शाळेंतला सोबती भेटावा तशी झाली. त्यांच्या कपाटांत ह्याच वर्गांतले दोन कॅमेरे होते. पाठीवरचें रबर चिकट झालेलें, एकाचें मागचें दार रबरी चकतीनें बांधलेलें.

"ह्याच्यावर मी दोन बहिणींचीं लग्नं केली," ते म्हणाले. "आपल्या बहिणींचीं. आणि दुसऱ्यांचीं तर मोजली नाहींत."

आम्हीं त्यांचें मत विचारलें. पुस्तकी परीक्षणांत असतें तसें तें नव्हतें. ते म्हणाले, लग्नांत अंतरपाट दूर होतो तो क्षण एकच. हातानें कडें फिरवीत बसणारा तो हुकवी, ह्या यंत्रानें तो हुकला नाहीं. मांडवांत उजेड कमी असला कीं तें अडे, मग नवरीच्या मुंडावळ्यांवर रोखावें. मोत्यांची कड त्याला सांपडते. मधला बिंदु भरवशाचा, कडेचे बिंदु पाहुण्यांसारखे, असले तर बरे. वजन बेताचें, त्यामुळें रात्रभर गळ्यांत घालून मान धरीत नसे. पाठीचें रबर मात्र म्हातारपणीं पाघळतें. स्पिरिटानें पुसून काढावें लागतें. आणि रोलांत छत्तीसच छबी, म्हणून प्रत्येक खटक्याला मनांत पैसे वाजत. "आतां हजार फोटो काढतो आणि घरीं जाऊन निवडतो," ते म्हणाले. "तेव्हां आधीं निवडायचो आणि मग काढायचो."

पूर्वीं उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची 'इंदु' फिल्म मिळे, ती गेली. परदेशी रोल मागवावा लागतो, धुवावयास पुण्यामुंबईस पाठवावा लागतो. त्यांच्या दुकानांत बसलेला एक कॉलेजांतला तरुण मात्र ह्याच खर्चावर खूष होता. त्यानें जुना कॅमेरा अलीकडेच विकत घेतला होता. छबी ताबडतोब दिसत नाहीं, आठ दिवस वाट पाहावी लागते, हेंच त्याला आवडतें. त्यावर स्टुडिओवाले हंसून म्हणाले, "नवरीचा बाप दारांत उभा राहून विचारी, फोटो आले का? तेव्हां ह्याला वाट पाहणं आवडलं असतं का बघा."

सेलांची एक जोडी त्यांच्या खणांत निघाली. पैसे घेतले नाहींत. निघतांना आम्हीं आमचा वाद त्यांच्यापुढें मांडला, आणि निवाड्यासाठीं त्यांनीं निगेटिव्ह मागितली. निगेटिव्ह होती. आत्याबाईंच्या घरीं चकल्यांच्या जुन्या डब्यांत, टेलिफोनच्या बिलांखालीं, लिफाफ्यांत नीट ठेवलेली. पुतण्यानें सायकलीवर जाऊन ती आणली. स्टुडिओवाल्यांनीं पट्टी उजेडाच्या पेटीवर ठेवली, डोळ्याला भिंग लावलें आणि बराच वेळ वर पाहिलें नाहीं.

"संध्याकाळ होती?" त्यांनीं विचारलें.

होती.

"फ्लॅश लावला नाहीं?"

नाहीं. गुरुजींच्या डोळ्यांची नुकती शस्त्रक्रिया झाली होती. झोत डोळ्यांवर नको, असें आत्याबाईंनीं सांगितलें होतें.

"म्हणून भिंग पुरतं उघडलं. अशा वेळीं स्पष्टतेचा पट्टा हातभर असतो, त्याच्या पुढंमागं सगळं धूसर. आणि तुम्ही चौकट अगदीं मधोमध धरलीत. मधोमध गुरुजीही नव्हते, काकूही नव्हत्या. दोघांच्या मध्यें फट होती, फटींतून भिंत. यंत्रानं भिंत धरली. बघा."

आम्हीं भिंगाला डोळा लावला. वीस वर्षें ह्या फोटोंत आम्हीं गुरुजींचा चेहराच तेवढा पाहिला होता. त्यांच्या व आत्याबाईंच्या डोक्यांच्या मधून मागें काय दिसतें, इकडे कोणाचें लक्ष गेलें नव्हतें. तेथें भिंतीला एक खुंटी होती, आणि खुंटीवर गुरुजींची टोपी. निगेटिव्हमध्यें ती काळी दिसत होती, म्हणजे खरी पांढरी. तिची शिवण मोजतां येत होती. काठावर एक ठिकाणीं घातलेला टांका दिसत होता.

यंत्राचा अपराध नव्हता, तसा तें निर्दोष सुटलें असेंही नव्हे. त्यानें समोर जें सर्वांत स्पष्ट होतें तें पाहिलें. कोणाकडे पाहावयाचें हें त्याला आम्हीं सांगितलें नव्हतें. तें सांगण्याची युक्ति पुस्तिकेच्या पहिल्या दहा पानांतच असते: मधला बिंदु चेहऱ्यावर, किंबहुना डोळ्यावर ठेवावा, खटका अर्धा दाबून धरावा, मग चौकट हवी तशी सरकवावी, आणि मग उरलेला अर्धा दाबावा. एवढें केलें असतें तर. पण आम्हीं पुस्तिका वाचली ती गुरुजी गेल्यावर.

निवाडा घेऊन घरीं आलों. थोरल्या बंधूंना फोन करून हार कबूल करावी, असें मनांत होतें. पण आधीं आत्याबाईंना सांगितलें. आत्याबाई आतां नव्वदीच्या घरांत आहेत. त्या तांदूळ निवडीत होत्या. सगळें ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, "टोपी आली आहे होय फोटोंत?"

आम्हीं हो म्हणालों.

"फोटोच्या वेळीं टोपी घाला म्हणून मीं चार वेळां सांगितलं. घातली नाहीं. म्हणाले, घरचाच तर फोटो. खुंटीवरच ठेवली." त्यांनीं तांदळांतला खडा काढून अंगणांत टाकला. "तो टांका मींच घातला होता. दसऱ्याला."

त्यापुढें त्या कांहीं बोलल्या नाहींत, आणि आम्हींही विचारलें नाहीं. वाद कोणी जिंकला हें सांगण्याचें मग कारणच उरलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं, ऊन ओटीवर कोवळें असतांना, आम्हीं आत्याबाईंचा फोटो घेतला. मधला बिंदु त्यांच्या उजव्या डोळ्यावर ठेवला, खटका अर्धा दाबला, यंत्रानें बारीक आवाज करून होकार दिला, तेव्हां चौकट सरकवली. मागची भिंत व ती खुंटी, जी आतां रिकामी आहे, दोन्ही चौकटींत घेतलीं. स्पष्ट येणार नाहींत हें ठाऊक असून घेतलीं. एकच छबी काढली. दुसरी घ्या म्हणून पुतण्या म्हणत होता. पण स्टुडिओवाल्यांचें वाक्य आमच्या कानांत होतें.

रोल पुण्यास धुऊन आला. बैलांच्या सोळांपैकीं तीन छबी भिंतीवर लावण्याजोग्या. पांचांत फक्त भंडारा. एकींत घोडीचें शेंपूट फार सुंदर आलें आहे. आत्याबाईंचा फोटो मात्र हवा तसा आला. ज्या घरांत असला कॅमेरा कपाटांत पडून असेल त्या घरच्या मंडळींना आमची एवढीच सूचना आहे: सेल काढून ठेवावे, पाठ पुसावी, आणि घरांत वडील माणसें आहेत तोंवर एक रोल घालावा. खर्च लागेल. पण खटका दाबण्यापूर्वीं मधल्या बिंदूंत खरोखर कोण आहे, हें एकदां पाहून घ्यावें.

फोटो पोंचल्यावर आत्याबाईंचा फोन आला. केस फारच पांढरे आले आहेत, सुरकुत्या एवढ्या नाहींत, अशी त्यांची तक्रार होती. ती आम्हीं ऐकून घेतली. मग त्या म्हणाल्या, माझा राहूं दे; तो दिवाळीचा जुना आहे ना, त्यांतली टोपी तेवढी मोठी करून पाठवतां येईल का?

ती आम्हीं पाठविली आहे.